शीटवरून ऑर्डरचा फॉर्म: ॲड-ऑन कुठे लागतं, कुठे लागत नाही

ताई, तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भलतीकडे जायला नको. साताऱ्यात तुमचा बारा जणींचा बचत गट आहे. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी तुम्ही व्हॉट्सॲपवर आणि फोनवर घेता, त्या वहीत उतरवता, आणि रात्री कुणीतरी वहीतून गूगल शीटमध्ये भरतं. गेल्या वर्षी दीडशेच्या आसपास ऑर्डरी झाल्या, त्यात दोन घरांचा फराळ राहूनच गेला. यंदा पदार्थ, दर आणि घरपोच देण्याचे भाग शीटमध्ये तयार आहेत. तर त्या शीटवरूनच ऑनलाइन फॉर्म व्हावा, दर बदलला की फॉर्ममध्ये बदलावा, माल संपला की पदार्थ आपोआप गळावा, आणि ऑर्डर देणाऱ्याला एकूण रक्कम कळावी. यासाठी ॲड-ऑन, म्हणजे गूगलच्या फॉर्मला किंवा शीटला वरून जोडायची जादा सोय, कुठलं घ्यावं, आणि विकतचं घ्यावं का?

मी गेली बारा वर्षं पतसंस्था, वाचनालयं, शाळांची स्नेहसंमेलनं आणि ट्रेकवाले अशा लहान संस्थांचे फॉर्म आणि शीटा लावून देतो. फराळवाले गटही दोन झाले. त्या अनुभवावरून सांगतो, ॲड-ऑनचं नाव हा तुमच्या प्रश्नाचा सगळ्यात सोपा भाग आहे. ते दोन घरांचं राहून का गेलं, ते आधी बघा. माझा अंदाज असा की ऑर्डर वहीत होती, पण शीटमध्ये चढली नाही. किंवा चढली तीही एका खान्यात "चकली १, लाडू अर्धा, अनारसे बघू" अशी. हा घोळ शीटच्या रचनेतला आहे. ॲड-ऑन आणलं तर तोच घोळ जरा जास्त वेगाने होईल.

आधी ॲड-ऑन म्हणजे काय काय असतं ते बघू, कारण एकाच शब्दाखाली तीन वेगळी कामं येतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

पहिलं काम, शीटमधल्या ओळींचे प्रश्न करून अख्खा फॉर्म उभा करणं. एका रकान्यात प्रश्न, पुढच्यात प्रकार, त्यापुढे पर्याय, आणि बटण दाबलं की फॉर्म तयार. शंभर प्रश्नांची सराव परीक्षा लावणाऱ्या शिक्षकांना याचा खरा उपयोग. तुमचे आठ पदार्थ आणि नाव-पत्ता मिळून चौदा-पंधरा प्रश्न होतील. चहा गार व्हायच्या आत हाताने होतात. शीटच्या टूल्स मेनूत "क्रिएट अ न्यू फॉर्म" आहेच, त्याने केलेला फॉर्म त्याच शीटला जोडलेला येतो. हे ॲड-ऑन तुम्हाला नको.

दुसरं काम, फॉर्ममधल्या एखाद्या प्रश्नाचे पर्याय शीटच्या रकान्यातून भरणं. फॉर्म रेंजर हे यातलं जुनं, शिक्षकांमध्ये रुळलेलं ॲड-ऑन. ते शीटमध्ये न बसवता फॉर्मच्या संपादन-पानावर बसवायचं असतं; रकाना दाखवून दिला की पर्यायांची यादी तिथून उचलतं, आणि दर तासाला किंवा प्रत्येक फॉर्म आल्यावर ताजी करतं. तुमच्या "कुठल्या भागात पोचवायचं" या प्रश्नाला हे शोभतं, कारण ती यादी हलती आहे: शाहूपुरी, करंजे, गोडोली, सदरबझार, आणि आठ दिवसांनी कुणी स्कूटीवाली मिळाली की कोडोलीही.

तिसरं काम, फॉर्म आल्यावर पुढचं काहीतरी करणं: ईमेल पाठवणं, पावती बनवणं, ठरावीक आकडा झाला की फॉर्म बंद करणं. ऑटोक्रॅट उत्तरांवरून कागद बनवून देतं, फॉर्म लिमिटर तारीख, उत्तरांची संख्या किंवा शीटमधला एखादा खाना बघून फॉर्म बंद करतं. "माल संपला की गळावा" आणि "रक्कम कळावी" या तुमच्या दोन्ही अपेक्षा या गटात येतात. सगळ्यात जास्त निराशाही इथेच होते. ती का, ते पुढे सांगतो.

आता शीट. एक गोष्ट ठरवा: एक ओळ म्हणजे काय? गूगल फॉर्म प्रत्येक वेळी पाठवलेल्या फॉर्मची एकच ओळ करतो, याला पर्याय नाही. पण तुमच्याकडे ती ओळ तिघी जणी तीन नजरांनी वाचणार. स्वयंपाकघरातल्यांना हवं, चकली एकूण किती किलो. पोचवणारीला हवं, गोडोलीत कुठली घरं आणि प्रत्येकाच्या पिशवीत काय. खजिनदारांना हवं, कुणाचे पैसे आले. तिघींना एकाच ओळीतून उत्तर मिळायचं तर प्रत्येक पदार्थाला स्वतःचा रकाना हवा, आणि त्या रकान्यात फक्त आकडा हवा.

म्हणून "काय काय हवं?" असा एकच प्रश्न विचारून खाली टिकमार्कांचे पर्याय देऊ नका. नव्वद टक्के लोक पहिल्यांदा तेच करतात. त्यात उत्तरं एकाच खान्यात स्वल्पविराम देऊन येतात, आणि किती किलो ते विचारायला जागाच उरत नाही. जाळीचा प्रश्न, म्हणजे डावीकडे पदार्थ आणि वर किलो, कागदावर छान दिसतो. मोबाईलवर तो आडवा सरकवावा लागतो आणि काकूंना उजवीकडे "दोन किलो" आहे हे दिसतच नाही. प्रत्येक पदार्थाचा वेगळा ड्रॉपडाऊन, म्हणजे दाबलं की उघडणारी पर्यायांची यादी, करा. आठ पदार्थ, आठ ड्रॉपडाऊन. लांब दिसतो, पण भरायला मिनिटभर लागतं.

पर्याय लिहिताना मात्र जपा. "अर्धा किलो", "१ किलो", "२ किलो" असे सुरेख मराठी पर्याय दिलेत की शीटमध्ये तो मजकूर म्हणून येतो, आणि मजकुराची बेरीज शून्य. देवनागरी आकडा एकटा दिला तरी तीच गत, कारण शीट त्याला आकडा मानत नाही. एका गटात मी बेरजेखाली शून्य बघत पाऊण तास सूत्रातली चूक शोधत होतो. सूत्र बरोबर होतं, पर्याय देवनागरीत होते. तेव्हा एकक प्रश्नात लिहा, "चकली (किलोमध्ये)", आणि पर्याय इंग्रजी आकड्यांत, दशांश टिंब देऊन: अर्धा, एक, दीड, दोन यांचे नुसते आकडे. शून्याचा पर्याय देऊ नका. ज्याला नको तो प्रश्न सोडून देईल, रिकामा खाना बेरजेला चालतो. हे प्रश्न "आवश्यक" करू नका एवढं लक्षात ठेवा.

मोबाईल नंबरच्या प्रश्नाला पडताळणी (रिस्पॉन्स व्हॅलिडेशन) लावा. संख्या, दरम्यान, ६०००००००००  ते ९९९९९९९९९९, म्हणजे दहा आकडीच नंबर बसतो. चुकीच्या वेळी दिसणारा निरोप स्वतः लिहा: "नंबर इंग्रजी आकड्यांत, मधे जागा न सोडता, आधी शून्य किंवा ९१ न लावता." मराठी कळफलक वापरणाऱ्याला हा निरोप मिळाला नाही तर त्याला वाटतं फॉर्मच बिघडलाय, आणि तो तुम्हाला फोन करतो.

भागाचं नाव कधीच टाइप करू देऊ नका, ड्रॉपडाऊनच. एक जण "सदर बझार" लिहितो, दुसरा "सदरबझार", तिसरा "सदर बाजार", आणि पोचवणारीच्या यादीत एक रस्ता तीन ठिकाणी विखुरतो. फॉर्म रेंजरला दिलेल्या रकान्यातही हेच: नावापुढे चुकून एक रिकामी जागा राहिली तर तेच नाव यादीत दोनदा दिसतं. मधे रिकामे खाने सोडू नका. आणि तुमची भागांची यादी जुन्या श्रीलिपीत टाइप केलेल्या फाइलमधून आणणार असाल तर ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर यादीत अगम्य इंग्रजी चिन्हांची रांगोळी दिसेल.

आता दर. इथे थोडं थांबतो, कारण तुमची "दर बदलला की फॉर्ममध्ये बदलावा" ही मागणी ऐकायला साधी आहे आणि अंगाशी येणारी आहे.

दर प्रश्नाच्या मथळ्यात लिहू नका. मथळा बदललात की जोडलेल्या शीटमध्ये त्या रकान्याचा मथळाही बदलतो, आणि मथळ्याच्या नावावर बेतलेलं कुठलंही सूत्र तुटतं. प्रत्येक प्रश्नाला "डिस्क्रिप्शन"ची एक ओळ जोडता येते. दर तिथे लिहा. ती ओळ गिऱ्हाइकाला दिसते, शीटमध्ये येत नाही, हवी तेव्हा बदला. पर्याय भरणारं ॲड-ऑन ही ओळ बदलणार नाही, ते पर्यायांपुरतं. पण सगळ्या हंगामात दर एकदा किंवा दोनदा बदलणार. त्यासाठी आठ ओळी हाताने बदलणं पाच मिनिटांचं काम आहे.

धोका फॉर्ममध्ये नाही, हिशेबात आहे. समजा तुम्ही "दर" नावाच्या पानावर लाडू ५६०, चकली ४८० असे दर लिहिले आणि प्रत्येक ऑर्डरची रक्कम सूत्राने काढली. एक किलो लाडू, अर्धा किलो चकली: ५६० अधिक २४०, झाले ८००. उत्तम. मग खोबरं महागलं म्हणून तुम्ही चिवड्याचा दर त्या एका खान्यात ४२० चा ४४० केला. त्याच क्षणी चिवडा असलेल्या आधीच्या सगळ्या ऑर्डरींची रक्कम वाढते, पैसे देऊन मोकळ्या झालेल्यांचीसुद्धा. माझ्या हातून हे झालंय. सदतीस जणांच्या नावापुढे वीस-वीस रुपये बाकी दिसू लागली, आणि खजिनदारबाईंनी इमानेइतबारे सगळ्यांना निरोप धाडले. त्यातले दोघे अजून मला त्या वीस रुपयांवरून चिडवतात.

यावर दोन उपाय. पहिला, मला आवडणारा: हंगामभर दर गोठवा. ऑर्डरी सुरू करण्याआधी किराणा भरून ठेवा, दर त्यावरून काढा आणि हलू देऊ नका. दुसरा, दर हलणारच असतील तर दरांच्या पानावर एकच ओळ न ठेवता तारखेवार ओळी ठेवा: या तारखेपासून हे दर, त्या तारखेपासून ते. रक्कम काढताना व्ही-लुकअपने, म्हणजे तक्त्यातून जुळणारी ओळ शोधणाऱ्या सूत्राने, फॉर्मची वेळ बघून तिच्या आधीची जवळची तारीख पकडायची. व्ही-लुकअपला "साधारण जुळणी" सांगितली आणि तारखा चढत्या क्रमाने असल्या की ते नेमकं हेच करतं. मात्र त्याआधी फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये जाऊन लोकेल (तारखा कुठल्या देशाच्या पद्धतीने वाचायच्या ते) भारत आणि वेळ कोलकात्याची आहे ना ते बघा. अमेरिकेचं लोकेल राहिलं तर तुम्ही हाताने टाकलेली पाच ऑक्टोबर ही तारीख दहा मे होते.

आलेल्या उत्तरांच्या पानाबद्दल दोन नियम सांगतो, दोन्ही चटका बसून शिकलेले. एक, त्या पानावर ओळींच्या शेजारी सूत्र लिहून खाली ओढून ठेवू नका. नवं उत्तर आलं की फॉर्म नवी ओळ घुसवतो, आणि तुमचं ओढून ठेवलेलं सूत्र त्या ओळीला लागत नाही, खाली ढकललं जातं. सूत्र पहिल्या ओळीत अ‍ॅरे-फॉर्म्युला म्हणून लिहा, म्हणजे तो अख्खा रकाना सांभाळतो. दोन, "पैसे आले" आणि "पोचवलं" या टिका हाताने करायच्या आहेत, त्या याच पानावर उजव्या टोकाला करा. पुष्कळ जण वेगळ्या पानावर क्वेरी किंवा फिल्टर सूत्राने भागवार यादी काढतात, ते योग्यच आहे, पण मग त्या यादीशेजारीच टिका करतात. रात्री नवी ऑर्डर येते, यादी एक ओळ सरकते, टिका जागच्या जागी राहतात. सकाळी करंज्यातल्या माणसाचे पैसे शाहूपुरीतल्याच्या नावावर जमा. सूत्राने आलेली यादी फक्त वाचायची आणि छापायची.

माल संपण्याकडे येतो. अनारश्यांचं उदाहरण घ्या. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, कुटायचे, पीठ मुरवायचं. मागणी आली म्हणून आदल्या दिवशी वाढवता येत नाहीत. समजा तुमची ताकद चाळीस किलोची. फॉर्म लिमिटरसारखं ॲड-ऑन अख्खा फॉर्म बंद करतं, एकटे अनारसे नाही. पर्याय गाळणारी ॲड-ऑनं आहेत, पण "हा पर्याय इतक्या जणांनी निवडला" हे मोजणं त्यांचं मूळ काम. ती कार्यशाळेच्या जागांसाठी जन्मली आहेत. एकाने अर्धा किलो आणि दुसऱ्याने दोन किलो घेतले, याची किलोतली बेरीज त्यांच्या हिशेबात सहज बसत नाही.

आणि बसवली तरी एक फट राहते. ॲड-ऑन फॉर्म आल्यानंतर जागं होतं, शीट वाचतं, मग पर्याय बदलतं. तेवढ्यात आणखी दोन फॉर्म आत आलेले असू शकतात. ज्याने फॉर्म दुपारी उघडून ठेवलाय आणि रात्री जेवून भरतोय, त्याच्या मोबाईलवर तर जुनीच यादी आहे. म्हणजे कुठलंही ॲड-ऑन घेतलं तरी चाळीसचे बेचाळीस होण्याची शक्यता राहतेच. मी गटांना सांगतो: वर बेरीज लावा, छत्तीस किलो झाले की तो खाना लाल होईल असं कंडिशनल फॉरमॅटिंग करा, आणि लाल झाला की कुणीतरी फॉर्ममध्ये जाऊन अनारश्याचा प्रश्न वेगळ्या विभागात टाकून तो विभाग पोचता येणार नाही असा ठेवा. प्रश्न काढून टाकू नका. वरचे चार किलो उशिरा येणाऱ्यांसाठी आणि घरच्यांसाठी. दीडशे ऑर्डरींना एवढं पुरतं. दीड हजार असत्या तर मी वेगळं सांगितलं असतं, आणि तेव्हा गूगल फॉर्मही सोडा म्हटलं असतं.

रक्कम कळवण्याचं. गूगल फॉर्म भरता भरता बेरीज दाखवत नाही, तशी सोयच त्यात नाही. फॉर्म पाठवल्यावर ईमेल धाडणारी ॲड-ऑनं आहेत, पण स्वतःला विचारा, तुमच्या गिऱ्हाइकांपैकी किती जण ईमेल उघडतात? शिवाय फुकट गूगल खात्यावरून स्क्रिप्टने (आपोआप चालणाऱ्या सूचनांनी) दिवसाला शंभरच पत्ते गाठता येतात, आणि ऑर्डरींचा लोंढा नेमका शेवटच्या रविवारी येतो.

मी इथे ॲड-ऑन न घेता व्हॉट्सॲपचा दुवा वापरतो. डब्ल्यूए डॉट एमई या पत्त्यापुढे तिरकी रेघ, मग ९१ आणि मोबाईल नंबर, मग निरोपाचा मजकूर, असा दुवा उघडला की त्या माणसाशी गप्पांची खिडकी उघडते आणि निरोप लिहिलेला तयार असतो. तुम्ही फक्त पाठवा दाबायचं. शीटमध्ये हायपरलिंक सूत्राने हा दुवा प्रत्येक ऑर्डरीपुढे आपोआप तयार होतो: "नमस्कार, लाडू १ किलो, चकली अर्धा किलो, एकूण ₹८००. भाग गोडोली." मजकूर दुव्यात बसवायला एन्कोड-यूआरएल हे सूत्र लागतं. निरोप दोन ओळींचाच ठेवा, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना-मात्रासुद्धा, दुव्यात नऊ अक्षरांची जागा खातं आणि दुवा वाढत जातो. रोज रात्री वीस-पंचवीस दुवे दाबायला दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांत एक माणूस प्रत्येक ऑर्डर डोळ्याखालून घालतो, आणि कुणी चुकून वीस किलो शंकरपाळे मागितले असतील तर तिथेच पकडले जातात. आपोआप जाणाऱ्या ईमेलने ते पकडलं नसतं.

पैशांसाठी फॉर्ममध्ये यूपीआयच्या क्यूआरचं चित्र टाका आणि व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक विचारा. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट जोडायला सांगू नका. फाइल जोडण्याचा प्रश्न घातला की फॉर्म भरणाऱ्याला गूगल खात्यात लॉगिन करावं लागतं, आणि तिथे पासवर्ड विसरलेले सगळे काका-काकू गळतात. शिवाय त्या फाइली तुमच्याच ड्राइव्हची जागा खातात. स्क्रीनशॉट काय, खोटाही बनवता येतो. बँकेच्या नोंदीशी क्रमांक जुळवा.

इथवरचा हिशेब केला तर तुमच्या चार मागण्यांपैकी एकाच ठिकाणी, हलत्या भागांच्या यादीसाठी, ॲड-ऑनची गरज निघते. आणि खरं सांगायचं तर भाग सहा-सातच असतील आणि हंगामात एकदाच वाढणार असतील, तर तिथेही हाताने चालेल. विकतच्या ॲड-ऑनची गरज मला दिसत नाही.

तरी घ्याल तेव्हा परवानगीचं पान वाचा. बहुतेक जण तिथे "अलाव" दाबून पुढे जातात. "तुमच्या सगळ्या शीटा पाहणे, बदलणे, तयार करणे आणि काढून टाकणे" असं त्यात लिहिलेलं असतं, आणि त्याचा अर्थ तेवढाच शब्दशः आहे: फराळाचीच नव्हे, त्या खात्यातली प्रत्येक शीट. म्हणून गटाच्या नावाने वेगळं गूगल खातं उघडा आणि फॉर्म, शीट, ॲड-ऑन सगळं त्यातच ठेवा. घरच्या खात्यात, जिथे नवऱ्याचं कर्जाचं वेळापत्रक आणि मुलीची गुणपत्रिका आहे, तिथे ॲड-ऑन बसवू नका. हंगाम संपला की खात्याच्या सुरक्षिततेच्या पानावर जाऊन दिलेली परवानगी काढून घ्या. नुसतं ॲड-ऑन काढलं म्हणून परवानगी गेली असं धरून चालू नका.

त्या खात्याचा पासवर्ड दोघींकडे हवा आणि ओटीपी कुठल्या नंबरवर जातो ते वहीत लिहून ठेवा. एका संस्थेचा फॉर्म सेक्रेटरींच्या भाच्याने स्वतःच्या खात्यातून करून दिला होता. भाचा नोकरीला गेला, सिम बदललं, आणि वर्षाने फॉर्म उघडायची वेळ आली तेव्हा ओटीपी कुणा तिसऱ्याच माणसाच्या फोनवर जात होता. शेवटी फॉर्म नव्याने केला.

गटात कुणी एक्सेलवाली असेल तर तिच्यासाठी: वनड्राइव्हवरची फाइल वेब एक्सेलमध्ये उघडली की इन्सर्टमध्ये फॉर्म्स मिळतं, आणि उत्तरं त्याच फाइलमध्ये येतात. रकान्यांचं आणि आकड्यांचं वरचं सगळं तिथेही तसंच लागू. पण तुमची शीट गूगलमध्ये आहे, बदलण्यात अर्थ नाही.

नाव, मोबाईल, पत्ता यापलीकडे काही विचारू नका. आधार नाही, जन्मतारीख नाही. सेटिंग्जमध्ये "निकालाचा सारांश दाखवा" हा पर्याय बंद आहे ना ते बघा; तो चालू राहिला तर फॉर्म भरणारा इतरांचीही उत्तरं बघू शकतो, पत्त्यांसकट. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा आल्यापासून मी प्रत्येक गटाला सांगतो की तुळशीचं लग्न झालं की पत्ते पुसून टाका, किलोंच्या बेरजा ठेवा. पुढच्या वर्षी किराणा भरायला बेरजाच लागतात.

आणि ते राहून गेलेल्या दोन घरांचं. फॉर्म कितीही छान केलात तरी निम्मी गिऱ्हाइकं फोनच करणार, हे धरून चाला. फोनवर आलेली ऑर्डर वहीत लिहू नका. फोन कानाला असतानाच फॉर्म भरा. फॉर्मच्या मेनूत "प्री-फिल्ड लिंक" आहे. त्यातून "ऑर्डर कुणी घेतली" या प्रश्नाचं उत्तर आधीच भरलेला दुवा प्रत्येकीला करून द्या, तो तिच्या मोबाईलच्या पहिल्याच पडद्यावर ठेवा. एकही ऑर्डर फॉर्म सोडून आत येऊ नये, सासूबाईंच्या मैत्रिणीचीसुद्धा. वही ठेवायचीच असेल तर वाणसामानासाठी ठेवा.

फॉर्म सगळ्यांना पाठवायच्या आधी तीन खोट्या ऑर्डरी भरून बघा: एक जुन्या मोबाईलवरून, एक मराठी कळफलकावरून, आणि एक अशा बाईकडून जिने आजवर एकही फॉर्म भरलेला नाही. तिच्या शेजारी बसा, पण काही सांगू नका. ती जिथे अडेल तिथला प्रश्न बदला. मग त्या ओळी पुसताना लक्षात असू द्या की शीटमधून ओळ काढली तरी फॉर्ममधलं उत्तर तसंच राहतं, तिथूनही काढावं लागतं. आणि एकदा खऱ्या ऑर्डरी सुरू झाल्या की नवा प्रश्न घालू नका.

चाचणीच्या ऑर्डरी आल्या की शीटच्या पहिल्या ओळीतले मथळे आहेत तसे, डावीकडून उजवीकडे, इथे लिहून टाका. गिऱ्हाइकांची नावं-नंबर टाकू नका, फक्त मथळे. किलोंच्या बेरजेचं, रकमेचं आणि व्हॉट्सॲपच्या दुव्याचं अशी तीन सूत्रं मी त्याप्रमाणे जुळवून देतो.